मागच्या सीटवरची तिसरी जागा

गाडी घ्यायची ठरली ती दारव्ह्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, मोटरसायकल आडवी-तिडवी उभी असताना. आम्ही राळेगावहून माझ्या माहेरी दिग्रसला निघालो होतो. पाच वर्षांची मुलगी पेट्रोलच्या टाकीवर, तिच्यामागे नवरा, त्याच्यामागे मी, आणि आमच्या दोघांच्या मधे दीड वर्षाचा मुलगा, ओढणीनं माझ्या पोटाशी बांधलेला. अर्ध्या जिल्ह्याचा संसार असाच फिरतो, त्यात आम्हाला वावगं काही वाटत नव्हतं. यवतमाळ सोडल्यावर मुलगी पेंगायला लागली. एका गतिरोधकावर तिचं डोकं हँडलवर आपटलं, ती दचकून जागी झाली आणि समोर जे सापडलं ते तिनं घट्ट धरलं. ती नेमकी ॲक्सिलेटरची मूठ होती. गाडी उसळली आणि रस्ता सोडून सोयाबीनच्या वावरात शिरली. पडलो नाही, एवढंच.

नवऱ्यानं गाडी बंद केली. तो म्हणाला, ‘‘आता चारचाकी घेऊ.’’ मी हो म्हटलं. मी राळेगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं आधी माझ्याच हाताखालून जातात. त्या वावरात उभं राहून मला जे दिसत होतं ते नवऱ्याला दिसत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

माझं तोंड तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ते मान्य आहे. या एका मुद्द्यावर दोन घरांत कधी मतभेद झाले नाहीत.

घरातलं पाचवं माणूस म्हणजे सासूबाई. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा जवळच्या खेड्यात शाळामास्तर, माझ्या ड्युट्यांचा काही नेम नाही, त्यामुळे दोन्ही मुलं खऱ्या अर्थानं सासूबाईंच्या मांडीवर वाढली. तिथंच त्यांचा वरण-भात, तिथंच झोप. ताप आला की मी औषध द्यायची, पण पोरगं निजायचं तिकडेच. ऑटोत बसा, एसटीत बसा, सासूबाई आधी बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि हात पुढे करायच्या, ‘‘आण इकडे.’’ प्रवास कितीही लांबचा असो, पोराला त्यांनी दुसऱ्याच्या हातात कधी दिलं नाही.

आमच्याकडे गाडीत माणसं मोजायची रीतच तशी आहे. ‘किती जण हाय?’ असं विचारलं की मांडीवरचं लेकरू मोजत नाहीत. पाच जणांच्या गाडीत आठ माणसं आणि तीन लेकरं बसली, तर गाडीत आठ माणसं बसली असंच सांगतात. म्हणून आम्ही गाडी घेतोय हे कळल्यावर ज्यानं-त्यानं पहिला प्रश्न हाच केला, की मोठी घेता ना? नणंदेनं सांगितलं, सातजणांची घ्या, लग्नकार्यात कामी येते. शाळेतल्या एका गुरुजींनी नवऱ्याला सांगितलं की लहान गाडी म्हणजे हौसेची गाडी, मोठी गाडी म्हणजे संसाराची. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. पण आमच्या यांना जनाचं ऐकता ऐकता मनाचं काय होतं तेच आठवत नाही. नवी मोठी गाडी परवडणारी नव्हती. म्हणून जुनी मोठी बघायचं ठरलं.

यवतमाळला एक चाचा आहेत. नवऱ्याच्या कॉलेजच्या दिवसांपासून त्याच्या मोटरसायकलचं सगळं तेच करतात. त्यांच्या गॅरेजात एक सातजणांची गाडी विकायला उभी होती. आम्ही पाचही जण एसटीनं गेलो. चाचांनी गाडी चालू केली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले. डॉक्टर छाती ऐकतात तितक्याच शांतपणे. मग म्हणाले, ‘‘इंजन एकदम खरं हाय. वणी-राजूरवर चालत होती, खदानीतले लोक नेत होती. रोजची गाडी कधी खराब नाही होत भाऊ, उभी राह्यलेली होते.’’

गाडी धुऊन-पुसून चकाचक होती. सासूबाई मधल्या सीटवर चढून बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात. एसटीत त्यांना पाय लांब करता येत नाहीत, उतरताना दोन मिनिटं दांडा धरून उभं राहावं लागतं. इथं त्यांचे पाय सरळ झाले. त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं, मुलीला शेजारी बसवलं, आणि खिडकीतून नवऱ्याकडे बघून हसल्या. ‘‘हे बेस हाय. माहे गुडघे मोकळे राह्यते. पोरगा माह्यापाशी, पोरगी बाजूले. बाकी सारे बसा कुठंही.’’

नवऱ्याचा चेहरा खुलला. त्याच्या मते गाडी तिथंच घेऊन झाली होती.

मी मात्र सीटच्या फटीत हात घालून पट्टे शोधत होते. मधल्या सीटला बक्कल नव्हतं. मागच्या सीटलाही नव्हतं. हात बाहेर काढला तर मनगटापर्यंत काळा. फटीत कोळशाची भुकटी दाबून बसली होती. ‘‘चाचा, मागचे पट्टे कुठं आहेत?’’

‘‘ते कापले ताई त्यायनं. चौघं-चौघं बसवत होते ना, बक्कल टोचत होते लोकायले. मागं कोण लावते पट्टा? पोलीस पुढचाच पाह्यते.’’

‘‘मग मुलांना कशानं बांधायचं?’’

माझ्या प्रश्नाचं उत्तर सासूबाईंनी दिलं. ‘‘बांधाचं कायले? मी हाय ना धराले.’’

इथं मी गप्प बसायला हवं होतं, किंवा निदान घरी जाईपर्यंत थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात दवाखान्यात एक केस आली होती, ती माझ्या डोक्यातून गेली नव्हती. मी काळा हात तसाच धरून सगळ्यांसमोर बोलले. ‘‘आई, मांडीवरचं लेकरूच सगळ्यात आधी जातं. ब्रेक लागला की तुमच्या हातात काही राहणार नाही. वरून तुमचंच वजन त्याच्या अंगावर येईल. आजीच्या मांडीवरून आणलेलं लेकरू मी परवा टेबलावर घेतलंय. ते जिवंत परत दिलं नाही मी कुणाला.’’

गॅरेजात चाचा होते, दोन गिऱ्हाइकं होती, नवरा होता. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर उगाच फडक्यानं पुसला. सासूबाईंनी मुलाला खिडकीतूनच नवऱ्याच्या हातात दिलं, ‘‘घे बाप्पा, सांभाळ,’’ आणि दांडा धरून खाली उतरल्या.

परतताना एसटीत मुलानं त्यांच्याकडे हात केले तेव्हा त्यांनी मांडीवर पिशवी ठेवली होती. मला वाटलं, राग आहे, जाईल. पण तो राग नव्हता. घरीही त्यांनी मुलाला मांडीवर घेणं सोडलं. भरवायच्या, पण समोर पाटावर बसवून. झोपवायच्या, पण चटईवर थोपटून. तो चढायला बघायचा तेव्हा कमरेला धरून बाजूला करायच्या आणि मला हाक मारायच्या. मी मुलाला नेऊन त्यांच्याकडे दिलं की म्हणायच्या, ‘‘मले नको देऊ वं. खाली ठेव.’’ आवाज चढलेला नसायचा. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडणात माझा हात कुणी धरत नाही.

नवरा एकदाच बोलला, ‘‘अगं, दोन शब्द बोल ना आईशी.’’ मी म्हटलं, ‘‘मी खोटं काय बोलले?’’ तो म्हणाला, ‘‘खोटं कोण म्हणतंय?’’ आणि वह्या तपासत बसला. बरोबर असण्याचा हा एक तोटा आहे, की माफी कुठल्या बाजूनं मागायची ते सापडत नाही. आणि मी ती शोधलीही नाही. मी मुलांच्या सीटांच्या मागे लागले. तेवढं काम तरी मला येत होतं.

आमच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरबाईंच्या गाडीत मी लहान मुलांची सीट पाहिली होती. गाडीच्या पट्ट्यानं ती सीट बांधायची आणि सीटच्या पट्ट्यांनी मूल. त्यांनी ती मला दोन दिवस उसनी दिली. मी ती काखेत मारून एसटीत चढले, कारण गाडीच्या दुकानात नेऊन बसते की नाही ते बघायचं होतं. कंडक्टरनं सगळी बस थांबवल्यासारखा चेहरा करून विचारलं, ‘‘हे काय हाय बाई?’’

‘‘खुर्ची आहे. लेकराची.’’

‘‘अन् लेकरू?’’

‘‘घरी आहे.’’

तो विचारात पडला. ‘‘म्हंजे लेकराची खुर्ची चालली, लेकरू नाही चाललं. हाफ तिकीट द्यू का?’’ मागचे लोक हसले. यवतमाळपर्यंत ती सीट माझ्या शेजारी बसून आली आणि दर थांब्यावर कुणी ना कुणी तिला वाकून पाहून गेलं.

नवरा आणि सासूबाई मुलांना घेऊन दुसऱ्या बसनं आले. सासूबाईंना मीच आग्रहानं बोलावलं होतं. तीन लहान गाड्या पाहिल्या. दुकानातला माणूस मायलेजबद्दल बोलत होता, स्क्रीनबद्दल बोलत होता. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून शिंप्याचा टेप लावत होते. उसनी सीट एकदा डाव्या कडेला बांधायची, खडूनं खूण करायची. मग उजव्या कडेला बांधायची, खूण करायची. मधे किती उरतं ते मोजायचं. पहिल्या गाडीत एक वीत उरली. दुसरीत त्याहून कमी. तिसरीत दीड वीत, आणि मधल्या जागेला खराखुरा पट्टा.

नवऱ्यानं दारातून वाकून पाहिलं. ‘‘दोन सीटा दोघांच्या झाल्या. आई कुठं बसन?’’

हा प्रश्न मी महिनाभर कुणाला विचारू दिला नव्हता. दुकानातला माणूस म्हणाला, ‘‘पुढे बसतील ना माताजी, ड्रायव्हरच्या बाजूला.’’ सासूबाई पटकन म्हणाल्या, ‘‘पुढं माणसायनं बसा. नाही तं तुह्या बायकोले बसव. मी येष्टीनं येईन. येष्टीले काय झालं?’’ त्यांच्या उभ्या जन्मात त्या कधी गाडीत पुढे बसल्या नव्हत्या. पुढची जागा आधी त्यांच्या सासऱ्यांची, मग दिराची, मग मुलाची. बाया आणि लेकरं मागे.

मी त्या दीड वितीत शिरून बसले. एका बाजूला उसनी सीट, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची बॅग उभी केली. हात छातीशी घ्यावे लागले, पण बसले. ‘‘मी इथं बसणार,’’ मी म्हटलं. ‘‘आई पुढे.’’ सासूबाईंनी मुलीचं बोट धरलं आणि तिला पाणी पाजायला घेऊन गेल्या. आम्ही ती तिसरी गाडी ठरवली. रंग कोणता घेतला हे मला घरी आल्यावर नवऱ्यानं सांगितलं.

गाडी आणायच्या दिवशी दुकानवाल्यांनी नारळ आणि चार लिंबं काढून ठेवली होती, चाकाखाली ठेवायला. सासूबाईंनी लिंबं परत केली. ‘‘आमच्यात नसते हे,’’ त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर अंगणात गाडीपुढे मेणबत्ती लावली, आम्ही सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि शेजाऱ्यांना पेढे वाटले. लिंबं मात्र नवऱ्यानं गुपचूप पिशवीत घालून आणली होती; दुसऱ्या दिवशी त्यांचं सरबत झालं.

पण नवऱ्यानं मला न सांगता आणखी एक केलं होतं. आमच्या भागात नवी गाडी उघड्या सीटांनी घरी आणणं म्हणजे नवरीला जुन्या लुगड्यात आणण्यासारखं. त्यानं यवतमाळलाच सीटांना झकास कव्हरं शिवून घेतली होती, तपकिरी, टाचलेली, फुगीर. मी नव्या बाळसीटा घेऊन मागचं दार उघडलं, तर बक्कलच नाही. तिन्ही बक्कलं कव्हराच्या आत शिवली गेली होती. ज्या पट्ट्यांसाठी मी महिनाभर टेप घेऊन फिरले, घरात अबोला ओढवून घेतला, ते आमच्या हौसेनं मखमलीत पुरले होते. मी नवऱ्याला जे बोलले ते लिहिण्याजोगं नाही. मग दवाखान्यातली कात्री काढली आणि कव्हर फाडायला बसले.

‘‘थांब,’’ मागून सासूबाई म्हणाल्या. ‘‘असं कापशीन तं सारं उसवन.’’

त्यांनी बरीच वर्षं ब्लाउजं शिवून घर चालवलंय. त्या चष्मा लावून, दुखरे गुडघे घडी करून मागच्या सीटवर चढल्या. बोटांनी चाचपून बक्कल कुठं आहे ते पाहिलं, ब्लेडनं बरोबर तेवढीच चीर दिली, आणि जाड दोऱ्यानं तिच्या कडेनं काज घालायला लागल्या. शर्टाला घालतात तसं, फक्त हाताएवढं मोठं. मी आत बॅटरीचा उजेड धरून उभी होते. तीन काजं घालायला त्यांना दुपार लागली. शेवटी बक्कल त्या काजातून वर काढून त्यांनी पट्टा अडकवून पाहिला, टक् आवाज झाला, तशी मान डोलावली. नंतर मी सीट कशी बांधते, मुलाचे पट्टे खांद्यावरून कसे घेते, हेही त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. मी थँक्यू म्हणाले. आमच्या घरात हा शब्द कुणी वापरत नाही, त्यामुळे तो दोघींच्या मधे तसाच पडून राहिला.

पहिला लांबचा प्रवास दिग्रसचाच ठरला. सकाळी सगळं भरून झालं आणि सासूबाई पिशवी घेऊन फाटकाकडे निघाल्या. ‘‘तुम्ही व्हा पुढं. माही नऊची येष्टी हाय.’’

मी पुढचं दार उघडून धरलं. मला गोड बोलता येत नाही, म्हणून जे येतं ते बोलले. ‘‘तुम्ही एसटीनं, तर मी पण एसटीनं. पोरं जाऊ द्या बापासोबत.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार सोडत नाही हे त्यांना कळलं. शेवटी त्या बसल्या. नवऱ्यानं वाकून त्यांना पट्टा लावून दिला. पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली.

यवतमाळपर्यंत दोन्ही मुलं खुश होती. दारव्ह्याच्या रस्त्याला लागल्यावर मुलाला झोप आली, आणि झोप आली की त्याला आजी लागते. त्यानं पट्ट्यातून दोन्ही हात पुढे काढले. ‘‘आजी... आजी...’’ मी त्याला थोपटलं, बाटली दिली, खुळखुळा दिला. तो लाल होईपर्यंत रडला. सासूबाई मागे वळल्या नाहीत. मला मागून त्यांची मान दिसत होती, ताठ, आणि पिशवीचे बंद आवळून धरलेले हात. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला स्वतःचीच इतकी शरम वाटली की मी तोंडातल्या तोंडात नवऱ्याला म्हटलं, ‘‘थांबवा हो गाडी.’’

एका लहानशा पुलाजवळ गाडी थांबली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायांनी माना वर करून पाहिलं. मी मुलाचा पट्टा सोडला आणि त्याला सासूबाईंकडे दिलं. या वेळी त्या नको म्हणाल्या नाहीत. पुलाच्या कठड्यावर बसल्या, पदर सारखा केला, आणि त्याला मांडीवर घेतलं. तो दोन हुंदके देऊन शांत झाला. नवरा मुलीला घेऊन कापूस दाखवायला गेला. मी कठड्यावर त्यांच्याशेजारी बसले.

त्याला थोपटत त्या म्हणाल्या, ‘‘तुह्यं खरंच होतं. मले काय समजत नाही का? पण चार माणसायत बोलली तू. माह्या मांडीवर लेकरू मरते, असं बोलली. मले एकटीले सांगतलं असतं, तं मीच म्हटलं असतं ना वं, बांध त्याले.’’

‘‘चुकलं आई माझं,’’ मी म्हटलं. महिनाभर जे सापडत नव्हतं ते इतकंच होतं. मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत.

त्या मुलाच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. तो गाढ झोपल्यावर त्या उठायला लागल्या. मी त्याला घ्यायला हात पुढे केले, पण त्यांनी दिला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, गाडीपाशी आल्या आणि स्वतः वाकून त्याला त्याच्या सीटवर ठेवलं. एक हात पट्ट्यातून काढला, मग दुसरा. झोपेत तो कुरकुरला, त्यांच्या बोटाला धरून राहिला. त्यांनी बोट हळूच सोडवून घेतलं आणि बक्कल लावलं. टक् वाजलं.

‘‘पाह्य पट्टा ओढून,’’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘‘तुम्ही लावलाय ना. राहू द्या.’’